फाटकाच्या खांबातली टाचणी

आमच्या नेदरबोर्नमध्ये शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की ज्या शेतातून प्रेत गेलं ती वाट कायमची गावाची झाली. मग शेताच्या मालकाने डोकं आपटलं तरी त्याला फाटक बंद करता येत नाही. म्हणून मालक जपून असतात. त्यांच्या जमिनीतून शवपेटी न्यायची तर आधी विचारायचं, आणि नेताना फाटकाच्या खांबात एक टाचणी टोचायची. टाचणीचा अर्थ एवढाच, की आम्ही हक्काने नाही, परवानगीने चाललोय. ती टोचली की वाट मालकाचीच राहते. माझ्या आजोबांना असंच नेलं, आणि टाचणी माझ्या आईने टोचली. तिला त्यात काही कमीपणा वाटला नाही. हेस्टर स्टिकलंडला वाटला, आणि त्या एका टाचणीपायी तिचं सगळं म्हातारपण नासलं.

मी थर्झा लेग. गावातला पब माझा आहे, नवरा गेल्यापासून मी एकटीच चालवते. हेस्टरला मी लहानपणापासून ओळखत होते. स्वभावाने काटेरी बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण माझ्या बाळंतपणात बर्फ तुडवत आली होती ती, आणि आल्या आल्या म्हणाली होती, ‘ओरडायचं तेवढं ओरड, ऐकायला मी आहे.’ असं म्हणणारं माणूस परत मला कोणी भेटलं नाही.

तिचं घर हँगर एंड. गाव ओढ्याच्या अलीकडच्या चढावर आहे आणि चर्च पलीकडे, शेतात एकटंच उभं. पूर्वी घरं चर्चच्या भोवतीच होती म्हणतात. मग प्लेग आला, उरलेसुरले लोक अलीकडे येऊन राहिले आणि चर्च मागे राहिलं. तिथल्या गवतात अजून जुन्या घरांचे उंचवटे आहेत, त्यावर मेंढ्या बसतात. चर्चच्याही वर, चढ संपून रान सुरू होतं तिथे हँगर एंड. आसपास दुसरं घर नाही. आमचा ओढाही आमच्यासारखाच तऱ्हेवाईक आहे. उन्हाळ्यात पात्रात गवत वाढतं आणि परका माणूस विचारतो, ‘ओढा कुठाय?’ हिवाळ्यात खडूच्या मऊ, पांढऱ्या दगडाची टेकडी आतून पाण्याने भरली, की तो जमिनीतून वर येतो. आम्ही म्हणतो, ‘ओढा उठला.’ ओढा उठला की हँगर एंडहून खाली येणारी खोलगट गल्ली पाण्याखाली जाते, आणि मग चर्चला यायला एकच वाट राहते, अँब्रोज हॅनच्या शेतातली. त्या शेताचं नाव नऊ एकर. आहे चांगलं चौदा एकर, पण आमच्याकडे एकदा नाव पडलं की मोजायला कोणी जात नाही.

हेस्टरचा नवरा रूबेन कुंपणं विणायचा. झाडाची खोडं अर्धी कापून आडवी निजवायची, एकमेकांत गुंतवायची, आणि ती तशीच जिवंत वाढू द्यायची, असं ते काम. आयुष्यभर तो अँब्रोजकडेच राबला. नऊ एकराचं कुंपण त्याचं, वरच्या फाटकाचे ओकचे खांबही त्यानेच रोवलेले. मितभाषी माणूस. पबमध्ये आला की एक ग्लास सायडर घेऊन शेकोटीशी बसायचा, आणि उठताना ‘छान गप्पा झाल्या’ म्हणायचा, संध्याकाळभर तोंडातून एक शब्द काढलेला नसायचा. मूलबाळ त्यांना नव्हतं. हेस्टर दोघांच्या वाटचं बोलायची.

तो गेला फेब्रुवारीत. ओढा उठलेला, गल्लीत गुडघाभर पाणी. मी हँगर एंडला हेस्टरच्या सोबतीला होते, चहा करत होते. तेवढ्यात अँब्रोज आला. टोपी हातात, बुटांचा चिखल दारातच काळजीपूर्वक पुसलेला. अँब्रोज, हेस्टर आणि मी गावच्या शाळेत एकाच बाकावर बसलेलो, त्यामुळे साहेब-बिहेब काही नव्हतं.

‘हेस्टर,’ तो म्हणाला, ‘रूबेनला माझ्या शेतातून ने. मी फाटकं उघडी ठेवतो. माझी माणसंही येतील खांदा द्यायला.’

‘बरं,’ हेस्टर म्हणाली.

‘फक्त वरच्या फाटकाला टाचणी तेवढी टोच.’

मी कपाळावर हात मारला. त्याने ते म्हणायलाच नको होतं. मी गुपचूप टोचली असती, कोणाला कळलं नसतं.

‘तो खांब कोणी रोवला?’ हेस्टरने विचारलं.

‘रूबेननेच. मी कुठे नाही म्हणतोय?’

‘त्याने रोवलेला खांब, त्याने विणलेलं कुंपण. आणि त्याच्याच मढ्यासाठी मी तिथे परवानगीची टाचणी टोचू?’

‘अगं, रीत आहे ती. सगळेच टोचतात. उद्या मला माझ्या मुलाला तोंड दाखवायचंय. वाट एकदा गेली की गेली.’

‘मग सांभाळ तुझी वाट.’

‘हेस्टर, उगाच हट्टाला पेटू नकोस. एवढीशी टाचणी!’

‘एवढीशी आहे ना? मग सोडून दे की!’

 तो टोपी घालून निघून गेला. मला वाटलं, रात्र गेली की दोघांपैकी एकाचं डोकं थंड होईल. कोणाचंच झालं नाही.

रूबेनला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेलं, मागच्या टेकडीवरून, शेजारच्या गावातून लांबचा वळसा घेऊन. शवपेटीवर गोणपाट टाकलं होतं. बर्फाळ पाऊस तोंडावर सुयांसारखा लागत होता. ट्रॉलीत बसायला जागा होती, पण हेस्टर बसली नाही, सगळी वाट चालली. मीही चालले, मनातल्या मनात तिला शिव्या घालत. शेजारच्या गावात रस्त्यावरच्या लोकांनी टोप्या काढल्या. चर्चला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि वाट पाहून बरीच माणसं घरी गेली होती. कबरीशी उभं राहून हेस्टर मला म्हणाली, ‘ज्यांना त्याचं नावही माहीत नाही त्यांनी टोप्या काढल्या. ज्याने काढायची तो घरात बसला.’ त्यानंतर ती अँब्रोजशी एक शब्दही बोलली नाही.

आता खरी गंमत ऐका, गंमत म्हणायची असेल तर. जिवंत माणसाला त्या शेतातून जायला अँब्रोजची कधीच मनाई नव्हती. हेस्टर रोज सकाळी नऊ एकरातून चालत रूबेनच्या कबरीशी यायची, तासभर बसायची, परत जायची. वरच्या फाटकातून जाताना त्या खांबाकडे बघायचीही नाही. खाली कुठेतरी मेंढ्यांपाशी अँब्रोज असायचा. तो मान वर करायचा नाही. वर्षानुवर्षं हे चाललं. फक्त नाताळच्या दिवशी फाटकाला कुलूप लागायचं. तीही रीतच, वर्षातून एक दिवस बंद ठेवलं की वाट गावाची झाली असं कोणी म्हणू शकत नाही. ओढा लवकर उठला असला तर त्या दिवशी हेस्टर घरात अडकायची. सगळं गाव चर्चमध्ये गात असायचं आणि ती वर एकटी बसलेली.

‘आदल्या दिवशीच माझ्याकडे ये की राहायला,’ मी दर वर्षी म्हणायची. ‘भाजलेलं बदक आहे, माणसं आहेत.’

‘नको. तुझी माणसं मोठ्याने हसतात.’

दुसऱ्या दिवशी भेटली की मी विचारायची, ‘कसा झाला नाताळ?’

‘झकास. रूबेन तिकडे, मी इकडे आणि मध्ये अँब्रोजचं कुलूप. तिघंही आपापल्या जागी.’

अँब्रोजचं तरी काय मोठं सुखात चाललं होतं? बायको लवकर गेली. ज्या मुलासाठी वाट राखली तो कॅनडात गेला आणि तिकडचाच झाला. अँब्रोजच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चढावर एकच गोष्ट दिसायची, हँगर एंडचं धुराडं. हेस्टरच्या खिडकीतूनही खाली एकच दिवा दिसायचा, त्याचा. दोघंही मला एकमेकांची खबर विचारायचे, पण विचारतोय असं दाखवायचे नाहीत. अँब्रोज दुपारी पबमध्ये खिडकीशी बसून म्हणायचा, ‘वर धूर आज उशिरा निघाला.’ मी म्हणायची, ‘लाकडं ओली आहेत तिची.’ दोन दिवसांनी हँगर एंडच्या दाराशी वाळकी लाकडं पडलेली असायची. हेस्टर विचारायची, ‘कोणी टाकली गं?’ मी म्हणायची, ‘मला काय माहीत, परी आली असेल.’ ‘परीचे बूट फार मोठे आहेत,’ हेस्टर चिखलाकडे बघत म्हणायची. आणि लाकडं जाळायची. आभार मात्र नाही. मला दोघांचाही असा राग यायचा, की दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात तिचे गुडघे गेले. शेतातून येणं बंद झालं. मी बार्लीचं सूप आणि सफरचंदाचा केक घेऊन वर जायची. तिथली शांतता अंगावर यायची. घड्याळसुद्धा बंद पडलेलं, आणि तिने किल्ली दिली नव्हती. ‘कोणासाठी देऊ?’ म्हणाली. खुर्ची खिडकीशी ओढून दिवसभर खाली चर्चकडे बघत बसायची. रूबेनची कबर तिथून दिसत नाही, मध्ये झाडं येतात.

एकदा मी निघाले तेव्हा तिने माझी बाही धरली.

‘थर्झा, मी गेले की मला नऊ एकरातून ने.’

‘नेते. भांडेन अँब्रोजशी, पण नेते.’

‘भांडू नकोस.’ तिने टाचण्या खोचायच्या छोट्या उशीतून एक टाचणी काढली आणि माझ्या कोटाच्या कॉलरला आतून लावली. ‘ही टोच.’

मी तिच्याकडे बघतच राहिले. काटा मोडून पडल्यासारखी दिसत होती ती.

‘तू? तू टाचणी टोच म्हणतेस?’

‘ऐकलंस ना? मग कशाला दोनदा बोलायला लावतेस?’ मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, ‘हट्ट माझा होता गं, आणि चिखलातून फरपट झाली त्याची. गोणपाटाखाली, परक्या गावातून. आयुष्यभर त्याने कोणाला त्रास दिला नाही, आणि शेवटच्या दिवशी मी त्याला नाकापायी मिरवत नेलं. मला आता नाक नको. मला त्याच्याकडे जायचंय, सरळ वाटेने. परवानगीने तर परवानगीने.’

ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि काय करावं कळेना, म्हणून मी नुसती उभी राहिले. मग तिनेच मला जा म्हटलं, सूप गार होतंय म्हणून.

पुढच्या महिन्यात, ओढा नुकताच उठला होता, तेव्हा अँब्रोज सकाळीच पबच्या दारात आला. पब उघडलाही नव्हता. तो म्हणाला, ‘धूर नाही.’

 मी कोट घातला. पूल ओलांडून, चर्चवरून, शेतातून आम्ही वर चढलो. वरच्या फाटकापाशी तो थांबला.

‘तू जा पुढे,’ म्हणाला. ‘मला ती आत घेणार नाही.’

हेस्टर खुर्चीतच होती. शालही नीट होती. मी तिचे डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले, आणि त्या गार खोलीत तिच्याजवळ बसून मला पोटातून इतकं एकटं वाटलं, की बाहेर तो म्हातारा उभा आहे हे आठवून बरं वाटलं. बाहेर आले. अँब्रोजने माझ्या तोंडाकडे बघितलं, टोपी काढली, आणि कुंपणाकडे वळून उभा राहिला.

तिला न्यायच्या दिवशी ओढा अजून चढलेला होता. गावातल्या गड्यांनी खांदा दिला. मी पुढे होते. वरच्या फाटकाशी अँब्रोज उभा, काळ्या कोटात, दाढी करताना हनुवटीला कापून घेतलेलं. फाटक सताड उघडं. मी कॉलरमधली टाचणी काढली आणि खांबाकडे गेले. त्याने खांबावर हात ठेवला.

‘राहू दे,’ म्हणाला.

‘अरे बाबा, तिनेच सांगितलंय टोचायला. मी शब्द दिलाय.’

‘हेस्टरने सांगितलं?’

‘हो. तिनेच लावून दिली माझ्या कोटाला.’

त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. खांदेकरी मागे खोळंबले होते, त्यांच्यातला एक जण पुटपुटला, ‘लवकर काय ते ठरवा, हेस्टरबाई हलकी नाही.’ कोणीतरी त्याला कोपर मारलं.

‘अँब्रोज,’ मी हळूच म्हणाले, ‘टाचणी नाही टोचली तर वाट गेली. तुझी, तुझ्या मुलाची, सगळ्यांची. कायमची. कळतंय ना तुला?’

‘खांब रूबेनचा आहे,’ तो म्हणाला. ‘मी कोण परवानगी देणार?’

त्याने हात काढला नाही. मी टाचणी परत कॉलरला लावली. हेस्टर नऊ एकरातून गेली, रूबेनच्या कुंपणाच्या कडेकडेने, सरळ खाली. अँब्रोज मागून आला, सगळ्यांच्या शेवटी.

त्यानंतर सगळे पबमध्ये जमले. अँब्रोज आपल्या खिडकीशी बसला. गावात नवीनच आलेले पाद्रीबुवा, तरुण पोरगा, सज्जन, पण पुस्तकं फार वाचलेला, माझ्यापाशी आले आणि म्हणाले, ‘मिसेस लेग, ती टाचणीची रीत किती सुंदर! आणि गंमत म्हणजे कायद्यात असं काहीच नाही. प्रेत नेल्याने कुठलीच वाट गावाची होत नाही. कधीच होत नव्हती. देशभर लोकांची ही जुनी समजूत आहे, तेवढंच.’

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला.

‘म्हणजे? टाचणी टोचली काय, नाही टोचली काय, सारखंच?’

‘अगदी सारखं.’

मला ती ट्रॉली दिसली, तो बर्फाळ पाऊस, ते सगळे नाताळ, ते बंद घड्याळ. एवढ्या आयुष्याची माती झाली ती कशासाठी, तर काहीच नसलेल्या गोष्टीसाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बिचाऱ्या पोराचा काय दोष, पण समोर तोच होता.

‘पाद्रीबुवा, खिडकीत तो म्हातारा बसलाय ना? त्याच्याकडे देण्यासारखं जे होतं ते आज त्याने तिला दिलं. तुमचा कायदा त्याच्या कानावर गेला, तर या पबमध्ये तुम्हाला पाण्याचा घोटसुद्धा मिळणार नाही. समजलं?’

पोरगा लाल झाला. पण शहाणा, त्याने तोंडाला कुलूप घातलं ते आजतागायत.

वर्ष गेलं. हँगर एंड कोणी घेतलं नाही. कोण घेणार? वर वीज नीट नाही, गल्ली बुडते, आणि आताच्या लोकांना शेजार लागतो. गावातून चर्चला जायला पूल आहे, त्यामुळे नऊ एकरातून जायचं कोणाला काही कारणच नव्हतं. त्या वाटेने चालणारी एकच बाई होती. आणि वाट मोकळी झाली, तर ती बाई गेल्यावर.

नाताळच्या दुपारी पबमध्ये बदकाचा वास आणि हसणाऱ्या माणसांची गर्दी होती. अँब्रोज उशिरा आला. तोच काळा कोट, बुटांवर चिखल, हात गारठून निळे पडलेले.

‘फाटक उघडं ठेवलंय,’ म्हणाला. ‘यंदा कुलूप लावलं नाही.’

‘लावायचा तुला हक्कच नाही आता,’ मी म्हणाले. ‘गावाची वाट आहे.’

‘हो, तेच.’ तो थोडा हसला. मग ग्लासाकडे बघत म्हणाला, ‘सकाळपासून तिथेच उभा होतो, थर्झा. कोणीच आलं नाही.’

मी त्याला थोडी ब्रँडी दिली. त्याने ती प्यायली आणि परत निघाला. कुठे, म्हणून विचारायची गरज नव्हती. अजून उजेड होता.

मी बदक कापायचं काम पाद्रीबुवांच्या गळ्यात मारलं, बूट चढवले आणि बाहेर पडले. पूल ओलांडला, चर्चवरून नऊ एकरात शिरले, आणि रूबेनच्या कुंपणाच्या कडेने चढायला लागले. कुंपण चांगलंच माजलं होतं, कोणीतरी परत विणायला हवं होतं. गुडघे माझेही आता कुरकुरतात. वर फाटकाशी तो उभा होता, खांबावर हात टेकून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. हेस्टर बघायची नाही, तशीच मान ताठ ठेवून मी फाटकातून गेले.

त्याने टोपी काढली. ती माझ्यासाठी नव्हती, आणि मीही थांबले नाही.